पानोपानी वेखंड

सत्यशीलेच्या पत्राला उत्तर द्यायचं आपण विसरलो, असं तातेरावांना स्वतःशीसुद्धा म्हणता येत नव्हतं. विसरलेल्या पत्राची घडी अशी मऊ पडत नाही. पाच आठवडे कोटाच्या आतल्या खिशात राहून त्या निळ्या अंतर्देशीय पत्राच्या कडा जुन्या धोतरासारख्या झाल्या होत्या, आणि मजकूर तर असा पाठ झाला होता, की पेपर वाचताना मध्येच त्यातली एखादी ओळ डोळ्यांपुढून सरकून जाई. 'ती. दादा, सप्रेम जय भीम. बेबी दिवाळीच्या सुट्टीत इथं पंधरा दिवस राहिली. त्या पंधरा दिवसांत नाक कोरडं, शिंक म्हणून आली नाही. तिकडं परत गेल्यावर काय आहे, ते खरं काय ते दोन ओळीत कळवा. तुम्ही लपवता, म्हणून विचारते. जालन्याची हवा तिला मानवत नसेल, तर धाकट्या बाळानं जरा मान धरली की मी येऊन तिला घेऊन जाईन. इथं चौथीच्या पुढं वर्ग नाही हे मला माहीत आहे. मी घरी शिकवीन. पण शिक्षणापायी पोर आजारी पाडायची नाही.' सत्यशीला, त्यांची लेक, जाफराबादच्या पलीकडं एका खेड्यात शिक्षिका होती, नवराही त्याच शाळेत. दोन खोल्यांची शाळा, आणि तिसरी खोली पंचायत कधी बांधील त्याचा नेम नव्हता. म्हणून नऊ वर्षांची बेबीनंदा जूनमध्ये आजोबांकडं पाचवीला आली होती. दोन ओळींचं उत्तर. आयुष्यभर तातेरावांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बसून लोकांच्या गाठोड्यांवर, पेट्यांवर, करंड्यांवर नावं-गावं रंगवली. मनमाड, परभणी, सिकंदराबाद. कुणाचं काय कुठं जायचं, ते त्यांच्या हातून कधी चुकलं नाही. आणि स्वतःच्या लेकीला दोन ओळी धाडायला हात उठत नव्हता, कारण त्या दोन ओळी त्यांना ठाऊक होत्या. सुट्टीवरून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीनंदाला एकेचाळीस शिंका आल्या. त्यांनी मोजल्या होत्या.

जानेवारीतल्या त्या शनिवारी ते ख्वाजामियाँकडं एक पुस्तक घेऊन गेले नसते, तर हे असंच आणखी किती दिवस चाललं असतं, कोण जाणे. ख्वाजामियाँ बाजारातल्या एका बोळात बसून पुस्तकं बांधायचा. दुकान म्हणजे एक पायरी, तिच्यावर चटई, मागं खळीचं भांडं आणि लाकडी दाबपट्टी. मदरशाची किताबं, वकिलांची कायद्याची बाडं, दुकानदारांच्या वह्या, सगळं त्याच्याकडं येई. पण तातेराव आले की तो हातातलं काम बाजूला ठेवी. तातेरावांना याचाही संकोच वाटे. आज त्यांनी फडक्यातून एक भूगोलाचं जाडं पुस्तक काढलं, पुठ्ठा सुटलेलं. ख्वाजामियाँनं ते मांडीवर घेतलं, सवयीनं मधोमध उघडलं, पानांवर फुंकर मारली, आणि त्याला शिंक आली. मग दुसरी. तिसरीला त्याची टोपी चटईवर पडली. समोरचा बांगडीवाला गिऱ्हाईक सोडून बघायला लागला. नऊ झाल्यावर ख्वाजामियाँनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुस्तक हातभर लांब धरून म्हणाला, "मास्तर, किताब में क्या भर को लाए जी? माझ्या निकाहापासून येवढ्या एका दमात आल्या न्हाईत." त्यानं पानांच्या सांध्यात बोट फिरवून जरा लांबूनच वास घेतला. "वेखंड हाय हे. आमची अम्मी सर्दीला हुंगायला द्यायची. येक चिमटी, बस, डोकं मोकळं. तुम्ही तर सगळी बोरी रिकामी करून राह्यले. कसर मरती का न्हाई ते अल्ला जाने, पन शिंकून शिंकून बेजार व्हत असंल बिचारी." बांगडीवाला मोठ्यानं हसला. तातेरावही हसले, हसण्यासारखंच होतं ते. हसता हसता त्यांचा हात छातीवर, कोटाच्या आतल्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

घरी यायला एरवी पंधरा मिनिटं लागत. त्या दिवशी ते कुठून कसे आले, ते त्यांना पुढंही कधी नीट आठवलं नाही. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या, सरकीचा गोडसर वास होता, हवेत तंतू तरंगत होते. गेले कित्येक महिने त्यांनी या तंतूंनाच दोष दिला होता. डॉक्टरनंही तेच सांगितलं होतं: कापूस, धूळ, आणि दुष्काळानंतर रुळांच्या कडेला जिकडंतिकडं उगवलेलं ते पांढऱ्या फुलांचं गाजरगवत. तातेरावांनी स्वतः विळा घेऊन गल्लीच्या तोंडाचं गवत उपटलं, तेव्हा हात सुजले. खिडकीला ओलं गोणपाट लावलं. डॉक्टरच्या पिवळ्या गोळीनं शिंका थांबत, पण पोरगी वर्गात झोपे. बाईंची चिठ्ठी आली, 'मुलगी हुशार आहे, पण डुलक्या घेते.' मग शेजारच्या द्वारकाबाई आल्या. त्यांच्याकडं ओव्याची पुरचुंडी होती, मिऱ्याचा काढा होता, आणि सगळ्यावर शेवटचा इलाज म्हणून वेखंड उगाळून कपाळाला, नाकाला, छातीला लेप. "मास्तर, डागदरच्या गोळ्यानं काय व्हतं? माझी सात लेकरं याच्यावरच वाढली," असं त्या म्हणाल्या, आणि तातेराव लगेच उठून कपाटावरचा डबा घेऊन आले होते. आहे की, वेखंड आपल्याकडं पुष्कळ आहे, असं ते केवढ्या आनंदानं म्हणाले होते. आता रस्त्यात ते वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं, आपल्याच आवाजात, आणि त्यांचे कान तापले. रोज रात्री लेप लावायचा, आणि लेप लावून झाला की तिला कपाटातलं एक पुस्तक द्यायचं. रोज. आपल्या हातानं.

त्या कपाटाची गोष्ट तातेराव कुणाला सांगत नसत. सांगितली तर बढाई वाटेल असं त्यांना वाटे, आणि ती बढाईच होती हेही त्यांना माहीत होतं. दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात ते भिंतभर उभं होतं. कुणी न्यायला न आलेल्या खोक्यांच्या फळ्या साहेबाची परवानगी काढून आणलेल्या. त्यांच्यावर त्यांनीच कधीकाळी रंगवलेली गावांची नावं अजून दिसत, एका फळीवर 'नांदेड', दुसरीवर अर्धंच 'गाबाद'. आत चारशे बारा पुस्तकं. रद्दीतून, बाजारातून, बदली होऊन जाणाऱ्या बाबूंच्या सामानातून एकेक करून जमलेली. शेतकी खात्याची पत्रकं, ज्ञानकोशासारख्या कशाचा तरी एकुलता एक सातवा खंड, ताऱ्यांवरचं एक, देवीच्या लशीवरचं एक, प्रवासवर्णनं, व्याकरणं. छप्पन साली घरातले देव निघाले तेव्हा भिंतीतली देवळी रिकामी झाली. कौसल्या, त्यांची बायको, दोन दिवस त्या रिकाम्या देवळीकडं बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तितं आता तुमची पुस्तकं ठिवा. मोकळी भिंत बघवत न्हाई." तेव्हा अकरा होती. कौसल्येला अक्षर येत नव्हतं. पण पुस्तकांना कसर लागते हे कळल्यावर तिनं जुन्या लुगड्याच्या पुरचुंड्या शिवल्या, त्यांत वेखंडाची अखंड कांडं घातली, आणि दर चार पुस्तकांमागं एक ठेवली. तेवढ्यानं भागत होतं. ती गेली आणि त्या वर्षी एका पुस्तकाच्या बावन्न पानांतून आरपार गेलेलं बारीक भोक तातेरावांना सापडलं. कौसल्येच्या पुरचुंड्यांत जीव राहिला नव्हता, बस, एवढंच होतं. नवी कांडं घातली असती तर झालं असतं. पण तातेरावांचं मन कधी एवढ्यावर थांबत नसे. त्यांनी काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंड आणलं, कुटून घेतलं, मलमलीतून चाळलं, आणि त्या दसऱ्याला, बाकीची गल्ली विहाराकडं निघालेली असताना, एकेक पुस्तक उघडून पानापानाच्या सांध्यात पूड सोडली. पुढं ते दर वर्षीचंच झालं. लोक दसऱ्याला पाटीची पूजा करत. त्यांना पूजा करायची नव्हती, पण पुस्तकांसाठी त्या दिवशी काहीतरी करावं असं वाटे, आणि त्यांना सुचलं ते हे. यंदाच्या दसऱ्याला बेबीनंदा मदतीला होती. चाळण तिच्या हातात होती.

इतकी धास्ती कशाची होती? रुळाच्या फाटकापाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला, आणि डब्यांमागून डबे जाताना दिसलं ते वेगळंच: गावातल्या शाळेचा ओटा, पत्र्याची वळचण, आणि वळचणीखाली बाहेर बसलेला सात वर्षांचा एक मुलगा. आत पुस्तक वाचलं जाई, तो बाहेरून ऐके. पुस्तक दिसे, हातात कधी येत नसे. एकदा वाऱ्यानं एक सुटं पान उडून त्याच्या पायाशी आलं. त्यानं ते उचललं. वाचता येत नव्हतं, पण पान गुळगुळीत होतं, आणि त्याच्यावर जहाजाचं चित्र होतं, हे त्याला अजून आठवे. पंतोजींनी ते खाली ठेवायला लावलं. मग तांब्यातलं पाणी त्या पानावर शिंपडलं, म्हणजे उचलता येईल. पंतोजी रागावले नव्हते, ओरडलेही नव्हते. अंगणात सडा टाकावा तसं त्यांनी ते केलं. पाण्यानं कागद फुगला, जहाज सुरकुतलं, आणि त्या मुलानं जन्मभरासाठी एक गोष्ट मनात घेतली, की आपला हात लागला म्हणजे पुस्तक खराब होतं. अठ्ठावन्न वर्षं तातेराव ते खोटं आहे असं स्वतःला सांगत आले होते. चारशे बारा पुस्तकं हे त्याचंच सांगणं होतं. एकाही पानाला डाग नाही, दुमड नाही, त्या एका पुस्तकाखेरीज कुठं छिद्र नाही. या, बघा, कुणीही उघडून बघा. कुणी बघायला येत नसे. शेजारीपाजारी त्यांना मास्तर म्हणत. स्टेशनात काम करणारा तो मास्तर, एवढाच त्याचा अर्थ. ते मास्तर नव्हते, काहीच नव्हते. पण हे सांगायलाही धीर लागतो, म्हणून त्यांनी ती हाक तीस वर्षं मुकाट्यानं ऐकून घेतली होती. मालगाडी गेली. फाटक उघडलं. पुस्तकं जपली, आणि जी पोर ती वाचणार तिचं नाक सहा महिने वाहतं ठेवलं, असं ते मनाशी म्हणाले. शब्द अगदी सरळ आले. मोठ्या अक्षरांत, पार्सलावर रंगवल्यासारखे.

बेबीनंदा दारात नव्हती, आतही नव्हती. घरामागच्या बोळात, जिथून वारा रुळांकडं जातो तिथं, ती दगडावर बसली होती. तिच्या हातात प्रवासवर्णन होतं आणि ती एक चमत्कारिक प्रकार करत होती. पुस्तक दोन्ही हातांनी लांब धरून, मान मागं वळवून, डोळे मिटून ती ते पत्त्यांसारखं फर्रकन पिसत होती. पिवळट धूर वाऱ्यावर निघून जात होता. मग ती शंभर मोजत थांबे, फ्रॉकच्या घेरानं नाक झाकून घेई, आणि वाचायला लागे. तरीही शिंका येतच. प्रत्येक शिंकेला तिचं डोकं खाली जाई, पण उजव्या हाताचं एक बोट ओळीवर जिथं होतं तिथं खिळलेलं असे. तातेराव कोपऱ्यावर उभे राहिले. हे बोट त्यांनी पाहिलं होतं. मागच्याच पौर्णिमेला विहारात तिला एक पान वाचायला दिलं होतं, आणि मध्येच तिला सात शिंका आल्या होत्या. पुढच्या रांगेतली पोरं हसली. तातेरावांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं. पण मागून कुणी बाई शांतपणे म्हणाली, "मंग? फुडं काय झालं?" आणि सगळे थांबले. गोदामात पोती वाहणारे, विटा थापणारे, लुगड्याला हात पुसत आलेल्या बाया, ज्यांतल्या निम्म्यांना अक्षर येत नव्हतं, ते सगळे एका नऊ वर्षांच्या पोरीच्या सात शिंका संपायची वाट बघत बसले. तिनं नाक पुसलं आणि बोट ठेवलं होतं त्याच शब्दापासून वाचायला सुरुवात केली. त्या रात्री तातेरावांना झोप आली नव्हती. अभिमानानं झोप जाते हे त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यांची झोप आजवर फक्त लाजेनं गेली होती.

"आबा, तुम्ही कवा आले?" बेबीनंदानं पुस्तक पाठीमागं घेतलं.

"आत्ताच." ते तिच्याजवळ खाली बसले. गुडघे वाजले. "हे काय करून राह्यली तू?"

"वाचून राह्यले."

"तसं न्हाई. आधीचं."

ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग एकदम बोलायला लागली, घोकलेला धडा म्हणून टाकावा तशी. "आबा, शाळेच्या पुस्तकाला शिंक येत न्हाई. वहीला येत न्हाई. तुमच्याच पुस्तकाला येती. दिवाळीला मी एक पुस्तक पिशवीत नेल्तं, ते ताऱ्याचं. उघडलं की शिंक, मिटलं की बंद. मंग मी ते आईला दिसू दिलं न्हाई. गोठ्यामागं बसून वाचलं. तिकडं आई येत न्हाई, वास येतो म्हनून."

"सगळं वाचलं?"

"दोनदा."

"आन मला का न्हाई सांगितलं?"

तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू उत्तर त्यांनाच ठाऊक असायला हवं होतं. "सांगितलं असतं तर तुम्ही कपाटाला कुलूप लावलं असतं. आन आईला कळवलं असतं. मंग तिनं नेलं असतं मला."

 पाच आठवडे तातेराव खिशात एक पत्र घेऊन फिरत होते, आणि ही दहा आठवडे याच घरात, याच कपाटासमोर, तेच लपवून बसली होती. फरक एवढाच की त्यांना कारण माहीत नव्हतं आणि तिला होतं. ती घाबरली होती, तेही त्यांच्यासारखीच. पण घाबरून ती गप्प बसली नव्हती. तिनं वाऱ्याची दिशा शोधून काढली होती. कुठं शिकली ही? कुणी शिकवलं नाही. आपल्या घरात एक असं माणूस जन्माला आलं आहे, की ज्याला पुस्तकानं छळलं तरी ते पुस्तक सोडत नाही, या विचारातच त्यांनी तिच्या पाठीमागचं पुस्तक घेऊन उघडलं, आणि मग एक शिंक आली. त्यांनाच. बेबीनंदा खुदकन हसली. "बघा," ती म्हणाली, "आता तुमालाबी."

पुढचे पंधरा दिवस गल्लीनं त्या दोघांना वेड लागल्याचं पाहिलं. शाळा सुटली की बेबीनंदा नाकाला ओलं फडकं बांधून लांब उभी राही आणि कुठलं पुस्तक झालं, कुठलं राहिलं ते पाटीवर टिपे. पुस्तकाला हात लावायची तिला बंदी होती. तातेराव बोळात दगडावर बसून, तोंडाला उपरणं गुंडाळून, एकेक पान उलटत आणि जुन्या, रंगाच्या मऊ ब्रशानं सांध्यातली पूड काढत. चारशे बारा पुस्तकं. पहिल्या दिवशी तेवीस झाली. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि पूड द्वारकाबाईंच्या पापडांवर गेली. त्या शिंकत शिंकतच बाहेर आल्या. "मास्तर, बुद्धी गहाण ठिवली का? सगळा मोहल्ला शिंकून राह्यला. माझा कोंबडा शिंकला सकाळी, सांगा आता कुनाला सांगू." तातेरावांनी उपरणं खाली केलं आणि सगळं सांगितलं: पूड, लेप, पुस्तकं, पोर. असं सगळं आपणहून कुणाला सांगायची ही त्यांची बहुधा पहिलीच वेळ. द्वारकाबाईंनी बेबीनंदाकडं पाहिलं. "म्हंजे लेपबी?" त्या म्हणाल्या. "लेपबी," ते म्हणाले. त्यांनी पदरानं नाक पुसलं, आत गेल्या, नि जुना मच्छरदाणीचा कपडा घेऊन आल्या. "हे बांधा वाऱ्याच्या बाजूला. आन इकडं द्या दोन-चार बुकं, मला पुसता येतं की. वाचता येत न्हाई म्हनून काय झालं." तातेरावांचा हात क्षणभर अडखळला. द्वारकाबाईंची बोटं पापडाच्या पिठानं पांढरी होती. मग त्यांनी पुस्तकं दिली, चार नव्हे, दहा. संध्याकाळी त्यांतल्या एकाच्या मुखपृष्ठावर पिठाचा अंगठा उमटलेला दिसला. त्यांनी तो पुसायला फडकं उचललं, आणि खाली ठेवलं.

कपाट पुन्हा भरलं तेव्हा प्रत्येक चार पुस्तकांमागं एक पुरचुंडी होती. कडुनिंबाच्या वाळल्या पानांची. टाके वाकडे होते, कारण ते तातेरावांनी घातले होते. आणि शिंका थांबल्या नाहीत. हे लिहायला हवं, कारण त्यांना त्या थांबतील अशी फार आशा होती. चाळिसांवरून त्या दहा-बारावर आल्या, नाकाचं पाणी आटलं, पिवळी गोळी बंद झाली, आणि बाईंची दुसरी चिठ्ठी आली, की मुलगी आता जागी असते व फार प्रश्न विचारते. पण सकाळी उठल्या उठल्या, जिनिंगचा भोंगा झाला की, सात-आठ शिंका यायच्याच. कापूस असेल, गवत असेल, आणखी काही असेल. तातेराव रोज मोजत, आणि मोजताना रोज त्यांचं मन एका सोप्या वाटेनं जाऊन परत येई. 'थांबल्या' असं एका शब्दात लिहिलं तर? जवळजवळ खरंच आहे ते. सात-आठ शिंका कुणाला येत नाहीत?

रविवारी सकाळी ते नवं अंतर्देशीय पत्र घेऊन बसले. बेबीनंदा समोर येऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. "आईला लिहून राह्यले?"

"हो."

"थांबल्या लिहा, आबा."

"थांबल्या न्हाईत."

"थांबतीलच की. तवर लिहून टाका." तिनं गुडघ्यांवर हनुवटी ठेवली. "आई खरंच घेऊन जाईल, आबा. ती बोलली की करती."

हे खरं होतं. सत्यशीला लहानपणापासून तशीच. तातेरावांनी दौतीत टाक बुडवला आणि तो तसाच धरून बसले. उद्या ही गेली तर या घरात काय उरेल, याचा त्यांनी विचार केला; चारशे बारा स्वच्छ पुस्तकं उरतील. आणि खोटं लिहून ठेवून घेतली तर? तर आईला फसवून वाचायचं असतं, हे ती या घरात शिकेल. गोठ्यामागं ती एकदा शिकलीच आहे. त्यांच्या मनात वळचणीखालचा तो मुलगा येऊन उभा राहिला नाही, कौसल्याही आली नाही. त्यांना फक्त समोरची पोर दिसत होती. ही लपून वाचणार नाही. आपल्या घराण्यातलं आणखी कुणी आता लपून वाचणार नाही. एवढं ठाम काही आपण आयुष्यात कधी ठरवलं होतं का, हे त्यांना आठवेना. 

'चि. सत्यशीला, सप्रेम जय भीम,' त्यांनी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले, कारण तिच्यापासून लपवायचं आता काही नव्हतं. 'तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. बेबीच्या शिंका इथं आल्यावर पुन्हा सुरू झाल्या. जालन्याची हवा नंतरची. आधी माझा दोष. मी पुस्तकांत वेखंडाची पूड घालत होतो, आणि वर लेपही लावत होतो. ते आता काढलं आहे. शिंका चाळिसांवरून दहा-बारांवर आल्या आहेत, पण थांबलेल्या नाहीत. सकाळी येतात. कारण कशात आहे हे मला समजलं नव्हतं, तिनं एकटीनं शोधून काढलं होतं. दिवाळीत तुझ्या गोठ्यामागं. तिच्यावर रागावू नको. तुला तिला न्यायचं असेल तर ये, मी आडवा येणार नाही. एवढंच मागणं आहे, की आलीस म्हणजे आधी बस, तिला एखादं पान वाचायला लाव, ते शेवटपर्यंत ऐक, आणि मग ठरव.'

"शेवटपर्यंत?" बेबीनंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भांडणाऱ्याचा होता. "मधी शिंका आल्या तर?"

"येऊ दे. तुझी माय थांबंल. विहारात मोठाली मानसं थांबली व्हती."

 ती उठून चपला शोधायला लागली. तातेरावांनी पत्र मिटलं, कडा ओल्या बोटानं चिकटवल्या. पत्ता लिहिला. मग पत्र उलटं करून, पाठवणाऱ्याच्या जागी, जिथं ते नेहमी नुसतं 'जालना' एवढंच लिहीत, तिथं त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या, काळ्या, सरळ अक्षरांत. नावाच्या आधी काही नाही, नंतर काही नाही.

स्टेशनातल्या पेटीची डाक लवकर निघते, म्हणून दोघं स्टेशनापर्यंत चालत गेली. फलाटावर ऊन होतं. कडेच्या गाजरगवताला बेबीनंदानं लांबून वळसा घातला, नाकावर हात धरून, आणि पेटीपाशी आल्यावर हात पुढं केला. पत्र तिला टाकायचं होतं. तातेरावांनी दिलं. तिनं ते फटीत अर्धं घातलं आणि थांबली.  फलाटावरच्या घड्याळाचा मोठा काटा एकदा सरकला. मग तिनं बोटं सोडली. पेटी नुकतीच रिकामी केलेली असावी. पत्र तळाच्या पत्र्याला लागल्याचा आवाज दोघांनाही स्पष्ट ऐकू आला.

"गेलं?" तिनं विचारलं.

"गेलं," तातेराव म्हणाले.